बोलेल तर छापणार नाही

महाल भागात कामिनी वैरागडे यांच्या दुकानावर 'जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून मिळतील' अशी पाटी आहे. त्यातला 'जुने' हा शब्द त्यांनी मुद्दाम लाल रंगात लिहून घेतला. नवा लॅपटॉप घेऊन कोणी आलं तर त्या त्याला धरमपेठेतल्या एका दुकानाचा पत्ता देतात. नव्या यंत्रात हात घालायला जागाच नसते, असं त्यांचं म्हणणं.

आता त्या चोपन्न वर्षांच्या आहेत. लग्नाआधी त्या टायपिंग शिकायला जात. तिथे मशिनी थोड्या आणि मुली जास्त, म्हणून नंबर येईपर्यंत शेजारच्या खोलीत बसायच्या. त्या खोलीत कॉम्प्युटर जोडणीचा वर्ग चालायचा. टायपिंगची परीक्षा राहिली ती राहिलीच. जोडणीच्या परीक्षेत मात्र त्या पहिल्या आल्या. पुढे वीस वर्षं एका कंपनीकडून गावोगावच्या कचेऱ्यांत कॉम्प्युटर बसवले आणि कंपनी बंद झाल्यावर हे दुकान काढलं.

मागच्या फेब्रुवारीत सुमंत सर ऑटोतून आले, ते मांडीवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन. रामटेककडच्या मुलींच्या एका अंधशाळेत ते शिकवतात आणि त्यांना स्वतःलाही दिसत नाही. शाळेत ब्रेल छापायचं एक जुनं यंत्र आहे, ते याच कॉम्प्युटरवर चालतं. सर टाइप करतात, कॉम्प्युटर अक्षर न् अक्षर बोलून दाखवतो आणि मग यंत्र जाड कागदावर ठिपके उठवतं. दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटरच्या आतला, सेटिंग लक्षात ठेवणारा सेल संपला. एकानं नवा सेल टाकला आणि जाता जाता आतली आवाजाची आणि छपाईची कार्डं काढून साफही केली. तेव्हापासून कॉम्प्युटर बोलला तर छापत नव्हता आणि छापला तर बोलत नव्हता. दोन ठिकाणी सरांना तो भंगारात द्यायला सांगितलं होतं. परीक्षा महिन्यावर आली होती.

कामिनीताईंनी झाकण उघडलं आणि त्यांना बरंच वाटलं. असं काम कितीतरी दिवसांत आलं नव्हतं.

"दोन्ही कार्डं एकच नंबर मागून राहिले, सर," त्या म्हणाल्या. "एक बोललं का दुसऱ्यानं गप बसायचं."

जुन्या कार्डांवर बारीक पिना असतात. त्यांवर तांदळाएवढी प्लास्टिकची टोपी कुठे बसवली आहे, त्यावरून कार्डाचा नंबर ठरतो. आवाजाची टोपी सातवर होती आणि छपाईचा नंबरही सातच. ताईंनी टोपी पाचवर सरकवली. आता छपाईचं कार्ड नीट चाललं, पण आवाज पार गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी तीन नंबर लावून पाहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी सर पुन्हा आले तेव्हा त्या वैतागून डबा पुसत बसल्या होत्या.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळट जाड कागद चिकटवलेला होता. धूळ अडवायला कोणीतरी लावला असेल असं समजून त्यांनी तो उचकटला आणि सरांच्या पायाशी असलेल्या टोपलीत टाकायला त्यांच्याच हातात दिला. सरांनी तो टाकला नाही. कागदावरून त्यांची बोटं हळूहळू फिरू लागली.

"ताई, हे दत्तोपंतांचं आहे," ते म्हणाले. दत्तोपंत म्हणजे सरांच्या आधीचे शिक्षक. त्यांनाही दिसत नव्हतं, पण हा कॉम्प्युटर त्यांनीच शेजारी बसून बसवून घेतला होता. सर वाचू लागले, "आवाज पाच. छपाई सात. सेटिंगमध्ये ऑटो काढून टाका, तेव्हा नंबरांची यादी दिसेल. पाच नंबर जुन्या कार्डासाठी राखून ठेवा, नाहीतर नेटवर्कचं कार्ड तो घेऊन बसतं."

 सेटिंगच्या त्या पानावरून कामिनीताई तीनदा पुढे गेल्या होत्या. ऑटोमुळे यादी दिसली नव्हती आणि आपणही ती शोधली नव्हती, हे त्यांनी सरांना सरळ सांगून टाकलं. सेल मेला तेव्हा पाच नंबर राखलेला आहे हे कॉम्प्युटर विसरला होता आणि साफ करताना टोपी सातवर गेली होती, एवढंच.

त्यांनी टोपी पाचवर बसवली, ऑटो काढलं, पाच नंबर राखला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. खरखरीत आवाजात तो बोलला. सरांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेली छपाईच्या यंत्राची वायर काढली. यंत्र मात्र शाळेत होतं, म्हणून कॉम्प्युटर घेऊन दोघं ऑटोनं रामटेकच्या रस्त्याला लागले. शाळेत पोचल्यावर सरांनी एक ओळ टाइप केली. कॉम्प्युटर ती बोलला आणि ठकठक करत यंत्रानं छापलीही. मुली वर्गातून उठून दाराशी आल्या. कागदावर काय आहे ते ताईंनी विचारलं तेव्हा सरांनी भूमिका नावाच्या मुलीकडे तो दिला. तिनं वाचलं, "कामिनीताईंना मुलींकडून चहा."

चहा पिताना भूमिकेनं विचारलं की आत नंबर बसवतात तरी कसा. ताईंनी वीज बंद केली, झाकण पुन्हा उघडलं आणि तिचं बोट पिनांवर ठेवलं.

तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी महालातलं दुकान बंद असतं. ताई दोन-तीन भंगारातली कार्डं पिशवीत घालून मुलींना शिकवायला शाळेत जातात. सांडलेल्या टोप्या चष्मा लावून शोधायला त्यांना वेळ लागतो. मुलींनी त्या टेबलावरून हात फिरवून आधीच उचललेल्या असतात.