मिशीवाली नणंद

वहिनी आली तेव्हा तिच्या डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा भारा होता आणि पायात नव्या, चावणाऱ्या चपला. वस्तीत लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणत, म्हणून फाटकावरच्या चौकीदाराने नाव विचारल्यावरही ती तेच बोलून गेली. नाकाखाली कुंचल्याएवढ्या मिशा बाळगणाऱ्या त्या माणसाने वहीत इमानेइतबारे लिहिलं: वहिनी.

आदिवासी कलावंतांसाठीची ती निवासी कार्यशाळा दीड महिन्याची. राहायला खोली, कामाला खोली, दोन वेळचं आयतं जेवण आणि शेवटी प्रदर्शन. वहिनीची टोपली त्यात मांडली गेली, तरच पुढच्या वर्षी तिच्या वस्तीतल्या दोन मुलींना इथे शिकायला घेणार होते. मुलींनी तर आतापासूनच पिशव्या भरून ठेवल्या होत्या.

कामाची खोली तरी कशी! उंच छत, मोठी खिडकी, कोऱ्या भिंती. जणू पडदा वर गेलाय, दिवे लागलेत, आता नटीने फक्त पहिलं वाक्य बोलायचं. आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. वहिनी कामट्या तासायची, भिजवायची, सुकवायची, पुन्हा भिजवायची. तीन आठवड्यांत खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही, पण टोपलीचा पत्ता नाही.

कार्यशाळेच्या बाई कासावीस झाल्या. "मूड लागत नाहीये का तुम्हाला?"

"भूक लागते, झोप लागते. हे मूड काय असतं, बाई?"

बाईंनी तिला बागेत फिरवलं, पडद्यावर देशोदेशीच्या टोपल्या दाखवल्या. वहिनीने त्या मन लावून पाहिल्या आणि परत येऊन कामट्या भिजत घातल्या.

खरं कारण ओठांवर येऊन मागे फिरायचं. त्यांच्यात टोपलीची पहिली गाठ विणणारीने स्वतः बांधायची नसते. ती नणंद बांधते. लग्न झाल्यापासूनची वहिनीची एकूणएक टोपली नणंदेच्या गाठीवर उभी होती. आणि नणंद बसली होती डोंगरापलीकडे, मोडका पाय प्लास्टरमध्ये घालून. हे सांगावं, तर लोक म्हणणार, हिला सुरुवातसुद्धा येत नाही!

प्रदर्शनाला बारा दिवस उरले. दुपारी चौकीदार पाण्याची बादली घेऊन आला आणि कामट्यांना अडखळला. "काय हो वहिनी, टोपली विणताय की जंगल लावताय?"

वहिनीला हसू फुटलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. तिने सगळं सांगून टाकलं.

"मग नणंदेला फोन करा की!"

"फोनवरून गाठ बांधता येते होय?"

"तेही खरंच."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या हक्काने तिला टोमणे मारणारं इथे दुसरं होतं कोण?

"दादा, तुम्हीच व्हा."

"काय होऊ?"

"नणंद."

"या मिशांसकट?"

"तिलाही आहेत थोड्या."

चौकीदाराने टोपी काढली, मांडी घातली आणि फुलीसारख्या ठेवलेल्या कामट्यांवर ओली, पातळ पट्टी आवळली. त्याला गाठ एकच येत होती: बुटाच्या नाडीची, दोन कानांची. वहिनीने गाठीवरून बोट फिरवलं. तळाला एवढं टेंगूळ, म्हणजे टोपली जन्मभर डुगडुगणार.

"चुकली का? सोडतो."

"हात लावू नका! पहिली गाठ सोडत नाहीत."

मग तिचे हात जे चालू लागले, ते थांबेनात. टेंगूळ झाकायचं कसं? तिने टोपलीला खाली गोल पाय विणला. अशी पायावर उभी टोपली तिच्या सात पिढ्यांत कुणी विणली नव्हती. नणंदबाई रोज दुपारी तपासणीला हजर.

"ही बाजू तिरकी वाटते."

"तुमच्याच गाठीची कृपा."

प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी त्याच टोपलीपुढे. बाजूच्या पाटीवर वहिनीने हट्टाने लिहून घेतलं होतं: 'वीण वहिनीची, पहिली गाठ नणंदेची.' आणि शेजारी इस्त्रीच्या गणवेशात नणंद उभी, मिशीला पीळ देत.

बाई धावत आल्या. "मुलींचं नक्की झालं! दोघींना कामाला दोन खोल्या ठेवते."

"नको बाई, एकच ठेवा," वहिनी म्हणाली. "नाहीतर गाठी बांधायला नणंदेचे हाल होतील धावूनधावून."