सगळ्यांचे पगार माहीत असलेले आतोबा

मुळशी तालुक्यात माणसं एकमेकांना नावागावावरून ओळखत असतील. माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, पगारावरून ओळखतात. ते शहरबसचे ड्रायव्हर आणि कर्मचारी संघटनेचे जुने प्रतिनिधी. पगारवाढीच्या बोलण्यांत ‘इतरांना किती मिळतं’ यावरच सगळं ठरतं, हे एकदा कळल्यावर ‘कसे आहात’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून कायमचा गेला. ताईच्या साखरपुड्यात पाटबंधारे खात्यातल्या नवरदेवाला पेढा देताना त्यांनी विचारलं, “मूळ पगार किती? आन् भत्तं?” स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांत थेंब घालणाऱ्या सरकारी नर्सबाईंना म्हणाले, “बाई, सुट्टीच्या दिवशी तुमाला डबल भेटतो का?” मी लाजून भिंतीकडे पाहत राहिले. नर्सबाईंनी दुसऱ्या दिवशी चक्क पगाराची स्लिप आणून दिली. लोक त्यांना हे का सांगतात, मला अजून कळलेलं नाही. मी तर मैत्रिणींनाही पगार सांगत नाही.

यंदाची बोलणी त्यांच्यासाठी शेवटची होती. निवृत्तीला चार महिने उरले होते, ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर ठरणार होती आणि तिच्यातून घराच्या गळक्या पत्र्यांच्या जागी स्लॅब घालायचा होता. आतोबा इतकी वर्षं जमवलेल्या लोकांच्या पगाराच्या स्लिपांची सगळी फाईल घेऊन गेले. सगळी म्हणजे सगळी. तिच्यात पिरंगुटला कंपनीच्या बस चालवणाऱ्या कंत्राटी ड्रायव्हरांच्या स्लिपाही होत्या. त्यांना आतोबांच्या निम्माही पगार नव्हता. बोलणी करणाऱ्या साहेबांनी नेमक्या त्याच वर काढल्या. “तुलनाच करायची ना? हेही याच रस्त्यावर बस चालवतात.” बोलणी सहा महिने पुढे गेली, म्हणजे आतोबांच्या निवृत्तीच्याही पलीकडे.

“आवो, त्या स्लिपा घरी ठिवायच्या की! स्लॅब गेला तुमचा!” सहकारी ओरडले.

“चांगल्या तेवढ्याच दाखवायच्या, तर मंग ती तुलना व्हय?” आतोबा म्हणाले. आत्या चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

त्या रविवारी आत्याकडे जाताना मला ते पिरंगुटच्या कंपनीच्या गेटपाशी दिसले, त्याच ड्रायव्हरांमध्ये उकिडवे बसलेले. मी बसमधून उतरले.

“काका, आमच्यापायी तुमचं नुकसान झालं,” एक जण म्हणत होता.

“तुज्यापायी न्हाई रं. तुला कमी देत्यात, त्यापायी. आता आधी तुमचा वाढवायचा. अर्ज कोन लिवतंय?”

 आतोबांनी मान वर केली आणि मला पाहिलं. “ही लिवल.”

इतक्या अनोळखी माणसांत मी कधी बसले नव्हते. पण बसले, आणि ते सांगतील तसं लिहीत गेले. हा अर्ज पुढे सरकेपर्यंत आतोबा निवृत्त होऊन घरी बसलेले असणार, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. तरी प्रत्येक वाक्य ते माझ्याकडून दोनदा वाचून घेत होते.