भाचीनं धरलेला पाय

आमच्याकडं भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं, मामानं भाचीच्या पडायचं. पुण्याच्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या हसतात. हसा म्हणावं. मी परीक्षेला निघाले की माझा धिप्पाड मामा उंबऱ्याशी वाकायचा, माझ्या पायाला लावलेला हात कपाळाला लावायचा आणि म्हणायचा, "जा माय, बिनघोर लिहून ये."

भूकंपात माझे आईवडील गेले. गावाचा दगडमातीचा ढीग झाला होता. मामा निलंग्याहून आला, हातानं दगड उपसून त्यानं मला बाहेर काढलं आणि तेव्हापासून मी त्याची झाले. पुढं आम्ही लातूरला आलो. तिथं क्लासेसचं पेव फुटलं होतं, गावोगावची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरत होती. मामा-मामींनी त्या पोरांसाठी मेस घातली. मामी चपात्या लाटायची, मामा दिवसभर उभा राहून वाढायचा. मेसमधली कितीतरी पोरं डॉक्टर झाली. मला तेवढे मार्क पडले नाहीत, मी नर्सिंग केलं. मामानं तरी गल्लीभर पेढे वाटले. कुणी नाक मुरडलं तर म्हणायचा, "सिस्टर झाली माझी पोरगी. तुमी दवाखान्यात पडा, मग कळंल सिस्टर काय असती."

मामाला साखर होतीच. मग हृदयाचा झटका आला, नांदेडला मी नोकरी करते त्याच हॉस्पिटलात स्टेंट बसवला. त्याच्या तळव्यांना सतत मुंग्या यायच्या, आग व्हायची. एक दिवस ते थांबलं आणि मामा खूश झाला, औषध लागू पडलं म्हणाला. कसलं लागू पडलं? पायाची जाणीवच गेली होती. मी फोनवर कानीकपाळी ओरडायचे, मामा, रोज तळवे बघा, बूट झटकून घाला, अनवाणी फिरू नका. "हाव हाव," म्हणायचा आणि फोन मामीकडं द्यायचा.

एका पंचमीला मी माहेरी आले तर दारातच वास आला. ड्रेसिंगच्या खोलीत माझं निम्मं आयुष्य गेलंय, तो वास मला कुणी सांगायची गरज नव्हती. मामा खुर्चीत मोजे घालून बसला होता. घरात, आणि मोजे! मला बघून त्यानं पाय आत ओढले.

मामीला रडू फुटलं. बुटात खडा गेला होता, मामा दिवसभर त्याच्यावरच उभा राहून वाढत होता. त्याला कळलंच नाही. मग फोड आला, फुटला, आणि तेव्हापासून दोघं त्यात हळद भरत होते.

"मला फोन का नाही केला?"

"हेच म्हणले, सांगू नको. तिला कळलं की ती पाय हातात घेईल. भाचीनं मामाचा पाय धरला तर पाप लागतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं मला सिस्टर केलं, तोच माझ्यापासून जखम लपवत होता. "मोजा काढता का कात्री आणू?" मी म्हणाले. मामानं गपगुमान काढला. करंगळी काळी पडली होती आणि तिच्या मुळाशी तळव्यात खोल भोक होतं. मी शिव्या घालत घालतच गाडीला फोन लावला.

दुपारीच त्याला नांदेडला नेलं. आमच्या सर्जननी शांतपणे समजावलं. हृदयाच्या नळ्या जशा तुंबल्या होत्या, तशाच पायाच्याही. रक्त पोचत नाही तोवर नुसत्या मलमपट्टीनं काही भरणार नव्हतं. आणि पू वर चढला तर पाय गुडघ्याखालून काढावा लागणार होता. एवढं मोठं ऑपरेशन मामाचं हृदय सोसेल का, हे कुणीच छातीठोक सांगेना. म्हणजे पाय राहिला तर मामा राहणार, असा सरळ हिशोब होता.

आधी पायाची तुंबलेली रक्तवाहिनी आत छोटा फुगा फुगवून मोकळी केली. मग तेवढाच भाग बधीर करून करंगळी काढली. मामीनं देवाला हात जोडले, "जिवावरचं शेपटीवर निभावलं." मी म्हणाले, मामी, अजून निभावायचंय.

कारण खरं काम पुढंच होतं. मामी मेस बघायला लातूरला परतली आणि मामाला मी नांदेडला माझ्या घरी ठेवून घेतलं. साखर ताब्यात ठेवायची, जखम रोज धुवायची आणि त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही. पहिल्याच सकाळी मामानं पाय पांघरुणात गुंडाळला. "दुसरी सिस्टर बोलाव. तू न्हाई."

"मी वॉर्डात परक्यांचे पाय धुते, ते चालतं. तुमचाच तेवढा सोन्याचा लागून गेलाय का?"

"परक्याचं येगळं. मला वर जाऊन बहिणीला तोंड दाखवायचंय."

माझ्या आईचं नाव काढलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. मी तिथंच बसून रडले. "आई गेली, बाबा गेले. आता तुमी बी जाता का, पाप लागंल म्हणून?"

मामा पलंगावर सरळ होऊन बसला. मग म्हणाला, "तुझा पाय वर ठेव." मी पलंगाच्या कडेला पाय ठेवला. त्यानं बसल्या बसल्या वाकून त्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि स्वतःच पांघरूण बाजूला केलं. "हं, कर आता."

रोज तसंच. आधी तो माझ्या पाया पडायचा, मग मी त्याचा पाय हातात घ्यायचे. त्याशिवाय जखमेला हात लावू द्यायचा नाही. शेजारीण एकदा बघून गेली आणि आमच्या घरी पूजा असते म्हणून सांगत सुटली.

मधेच एकदा मी ड्युटीवरून आले तर गडी घरभर फेऱ्या मारत होता. हृदयाच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय म्हणाला. ते खरं, पण जखमेच्या आधी सांगितलेलं! मी दोन्ही डॉक्टरांना विचारून खुर्चीत बसून करायचे हातांचे व्यायाम आणले. कुरकुरत का होईना, केले त्यानं.

हळूहळू जखमेच्या तळाशी लाल, ताजं मांस दिसायला लागलं. सिस्टरला त्याच्यासारखं देखणं दुसरं काही नसतं. मी मामाला आरशात दाखवलं. त्यानं तोंड फिरवलं, पण मामीला फोन लावला.

जखम पूर्ण बुजल्यावर मामाला पायाच्या मापाचे मऊ बूट करून घेतले आणि सर्जनना दाखवायला नेलं. बाहेर पेशंटची ही रांग. सर्जननी दारातच बूट काढायला लावून पाय उचलून बघितला आणि विचारलं, "छान भरलंय. ड्रेसिंग कोण करत होतं?"

ज्या मामानं घरातल्या घरात मोजे घालून पाय लपवला होता, तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "ही माझी भाची. माझ्या बहिणीची. लोक म्हणतात, भाचीला पाय धरू दिला की पाप लागतं. पाप लागलं असतं तर पाय राहिला असता का?"

माझ्या निकालाच्या दिवशीही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

पोरीबरोबर आलेला एक म्हातारा बाकावर मोज्यातला पाय मागं ओढून बसला होता. मामानं त्याच्या पायाकडं बघितलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. "काढा पाव्हणं मोजा," तो म्हणाला, "बघू द्या तुमच्या पोरीला."