साडूंची टाळी आणि माझी टाळी

मित्रांनो, आज चंद्रपुरात दोन उमेदवार एकाच मंचावर बोलले. मुलचेऱ्याकडच्या खेड्यातून आलेल्या साडूंसोबत मी ऐकायला गेलो.

पहिला म्हणाला, वीज केंद्राचा नवा संच नको, हवा आधीच बिघडली आहे. मी टाळ्या वाजवल्या. दुसरा म्हणाला, नवा संच आणू, गावोगावी वीज देऊ. साडूंनी टाळ्या वाजवल्या.

परतताना ते म्हणाले, "भाऊ, तुमच्याइथी लाईन जात नाई, म्हणून तुमाले संच नको. आमच्याइथी तर येतच नाई."

दम्याने माझी बायको जाऊन तीन महिने झाले आहेत.

घरी साडूंसोबत आलेल्या त्यांच्या बायकोने, माझ्या मेहुणीने, दोरीवरच्या कपड्यांच्या तशाच घड्या घातल्या होत्या. आमच्या वस्तीत आधी कपडे झटकून वीज केंद्राची राख काढतात. तिला ते ठाऊकच नव्हतं.

साडूंनी तिला चहासाठी हाक मारली. तिने आतून ओ दिली. मला त्यांच्या हवेचा हेवा वाटला, त्या उत्तराचा त्याहून जास्त.

पुढच्या आठवड्यात मतदान आहे. साडूंच्या गावाला वीज हवी, हे मला कळतं. पण मनात एवढा हेवा असताना मी दोन उमेदवारांना सारख्या मापाने तोलू शकेन का? तुम्हाला जमलं असतं?