फुंकणी आणि पाळणा

सन तीसनंतरच्या त्या वर्षांत मी नाशिकच्या एका इस्पितळात नर्सचं काम शिकत होते. आमच्या वॉर्डात तांबट आळीतली एक मावशी होती. जन्म भट्टीच्या आणि चुलीच्या धुरात गेलेला, छातीत जुना दमा. दोन वाक्यं बोलली की तिसऱ्याला श्वास पुरत नसे. जीभ मात्र ठणठणीत. माझ्या पांढऱ्या टोपीला ती द्रोण म्हणायची.

तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्या लेकीचा पाळणा हलणार होता, आणि बारशाला पाळणा आपणच म्हणायचा हा मावशीचा ध्यास. आपल्याला दम पुरला नाही तर दुसरी कुणी म्हणेल, हे तिला दुखण्यापेक्षा जास्त लागायचं.

मेट्रनबाईंनी आम्हाला एक व्यायाम शिकवला होता. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. समोर पेटती मेणबत्ती. ज्योत लवली पाहिजे, पण विझता कामा नये. मी मेणबत्ती पुढे ठेवली, तर मावशीने तोंडच फिरवलं.

“नवरा जिवंत आहे माझा. दिव्यावर फुंकर घालायची नाही मी.”

विझवायचा नाहीये, नुसती ज्योत हलवायची, असं मी समजावलं. आणि विझला तर, असं तिने विचारलं. मी मेणबत्ती उचलून ठेवली. आमच्या घरीही दिवा पदराच्या वाऱ्यानेच शांत करत.

बाई हट्टी आहे, असं मेट्रनबाईंचं मत पडलं. होती खरी, मीही काही कमी नव्हते. मी स्वयंपाकघरातून फुंकणी आणली. विस्तव आणणं शक्यच नव्हतं, धूर हा तर तिचा वैरी. म्हणून टेबलावर कापसाचा पुंजका ठेवला. तो फुंकणीने सावकाश कडेपर्यंत न्यायचा. मावशीने सवयीने गाल फुगवून अशी फुंक मारली की कापूस शेजारणीच्या पेजेत आणि हिला खोकल्याची उबळ.

“मावशी, हा कापूस म्हणजे विस्तव समजा, दूध तापवायचंय,” मी म्हटलं. “उतू गेलं तर तुम्हीच पुसा.”

हे तिला बरोबर उमगलं. मग रोज सकाळी तिचं दूध मंद आचेवर तापू लागलं आणि सगळा वॉर्ड साय आली का म्हणून चौकशी करू लागला. त्या बायकांवर माझा फार जीव होता.

बारशाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. मलाही आमंत्रण होतं. पाळण्याची पहिली कडवी तिने छान म्हटली. पुढे एका ओळीच्या मध्यावर श्वास अडला. लेकीने ती ओळ उचलायला तोंड उघडलं, तर मावशीने हातानेच तिला गप्प केलं. ओठांचा चंबू करून तिने श्वास सावकाश सोडला. बायका दोरी हलवत थांबून राहिल्या. मग तिने ती ओळ पहिल्यापासून धरली.

असं पुन्हा पुन्हा झालं. पाळणा फार लांबला, घुगऱ्या निवून गेल्या. बाळ तर केव्हाच झोपलं होतं, पण दोरी कुणी सोडली नाही.