तात्यांची भीमथडी घोडी

तात्या रोज सकाळी आपल्या घोडीला आजचं काम काय ते सांगत, आणि सांगून झाल्यावर तिचं म्हणणं ऐकायलाही थांबत. हातात खोगीर असलं की, "आज बसायचंय गं." चामड्याची झापडं असली की, "आज जुपायचंय." जे हातात असेल ते तिने हुंगायचं, मान खाली घालायची, मगच पुढचं. मानपाड्यात आमच्या सोसायटीच्या मागे तात्यांनी न विकलेली एवढीशी जागा होती. तिथे हा कार्यक्रम चाले आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. ह्या माणसाने हे लचांड कशाला मागे लावून घेतलंय, ते मला दहा वर्षांत कळलं नाही.

तात्या मूळचे भीमेकाठचे. आयुष्य इथल्या कारखान्यात लेथ मशीनवर गेलं. रिटायर झाल्यावर माणसं गावी जातात. ह्यांनी गावाकडची घोडी इथे आणली. तिचं नाव चंद्री. बुटकी, आखूड पायांची, छातीला रुंद. मेंढपाळ अशाच भीमथडी घोड्यांवर अख्खं बिऱ्हाड लादून रानोमाळ फिरतात, हे मला तात्यांनीच सांगितलं. आमच्याकडे मात्र घोडी म्हटली की वरात. दर लग्नसराईत कोणी ना कोणी विचारायला यायचंच. तात्यांचं उत्तर ठरलेलं असे, "नवरदेव मिरवायची जात न्हाई ती. संसार वाहनारी हाय." विचारणारा माझ्याकडे बघायचा, मी आभाळाकडे.

गेल्या वर्षी तात्यांनी गाडी जुंपणं बंद केलं. दोन चाकांची ती गाडी पत्र्याखाली धूळ खात पडली आणि पंचाहत्तरीचे तात्या रोज घोडीवर बसून फिरू लागले. वय झालं की माणूस पाठीवरून गाडीत येतो, हे गाडीतून पाठीवर गेले. मी विचारलं तर म्हणाले, "तिला आवडतंय." त्यांचा मुलगा विलास हवालदिल झाला. घोडी गावाला पाठवायची म्हणून त्याने हट्ट धरला, आणि तात्या दोन दिवस जेवले नाहीत. त्यांची बायको वारल्यापासून ते बोलत असत ते ह्या चंद्रीशीच. ती गेली तर ह्यांचं कसं होणार, ह्या काळजीने माझीही झोप उडाली.

मग मी माझं शहाणपण चालवलं. विलासला म्हटलं, "अरे, तुला भीती पडण्याचीच ना? मग बसणं बंद करायला लाव. गाडीतून फिरू दे की. गाडीतून कोण पडतंय?" त्याला ते पटलं. रविवारी तात्यांनी गाडी जुंपून देवळापर्यंत चक्कर मारून दाखवायची, मग घोडी कायमची इथेच, असं ठरलं. आनंदाच्या भरात ही बातमी मीच तात्यांना सांगायला गेले. ते बादलीत घोडीची चंदी ओतत होते. निम्मे हरभरे बादलीबाहेर पडले तरी ते ओततच राहिले.

"तात्या, अहो, सांडतंय."

त्यांनी डबा खाली ठेवला. "काचबिंदू हाय पोरी. कडंचं दिसत न्हाई, समोरचंबी धुरकट. डागदर म्हनला, गेलेली नजर माघारी येत न्हाई. विलासला सांगू नगंस."

"आणि तरी घोडीवर बसता?"

"म्हून तर बसतो. गाडीला जुपली की तिला झापडं. तिला म्होरलं तेवढंच दिसतं, बाकी समदं म्या बघायचं. गाडीत म्या तिचं डोळं. पाठीवर बसलो की झापडं न्हाईत. तवा ती माझं."

"मग झापडं न लावताच जुंपा."

"चाकं फिरताना दिसली की उधळंल. तशी सवंच न्हाई तिला."

मी घरी आले ती डोकं गच्च होऊन. विलासला सांगावं तर घोडी जाणार, न सांगावं तर तात्या जीव धोक्यात घालणार. रविवार उजाडला तरी माझं काही ठरलं नव्हतं. खरं सांगायचं तर मनातून मला वाटत होतं, की सरळ गल्ली आहे, शंभर पावलांवर देऊळ, रस्ता घोडीच्या पायाखालचा. जातील कसेबसे. एकदाच तर जायचंय.

तात्यांनी सगळा साज नुसत्या हातांनी चाचपून, एकही पट्टा न चुकवता चढवला. विलास कौतुकाने बघत होता. शेवटी झापडं पुढे केली. चंद्रीने हुंगली, मान खाली घातली. तात्या तसेच उभे राहिले. तिने मान आणखी खाली घातली.

"विलास," ते म्हणाले, "गाडी सोड. हिला गावाकडं धाडू."

"अहो तात्या, मी ठेवा म्हणतोय!"

"मला दिसत न्हाई रं. हिचंबी डोळं झाकायचं आन् दोघांनी आंधळ्यावानी रस्त्यावर जायचं? ही तर मान खाली घालूनच उभी हाय. माझ्यावर इस्वास हाय तिचा."

विलास पट्टे सोडू लागला. आजही मी स्वतःला विचारते की मी केलं ते बरं की वाईट. मी नाक खुपसलं नसतं तर तात्या पाठीवर बसून आणखी वर्षभर फिरले असते. किंवा पुढच्याच महिन्यात ट्रकखाली गेले असते. मला खरंच ठरवता येत नाही.

चार दिवसांनी गावाकडून त्यांचा मेंढपाळ भाचा टेम्पो घेऊन आला. चढायला लावलेल्या फळीवर चंद्री पाय ठेवीना. तेव्हा तात्या तिच्या मानेवर हात ठेवून तिच्या बरोबरीने वर चढले, आत तिला बांधलं, कानात काहीतरी सांगितलं आणि नेहमीसारखे थोडा वेळ थांबले. चढताना त्यांचं पाऊल कुठे अडखळलं नव्हतं. उतरताना मात्र फळी कुठे संपते ते त्यांना कळेना, आणि त्यांनी माझा हात मागितला.