निर्णय : घेऊ नये

किस्से हे दह्याच्या रिकाम्या डब्यांसारखे असतात. जमवायचे म्हणून कुणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. आणि एक दिवस कपाट उघडलं की धाडकन अंगावर येतात. माझ्याकडचे बहुतेक डबे दिघ्याच्या बेसमेंटमधले. ईडन प्रेरी, मिनेसोटा, २००१ ते २००८. सीझनमध्ये दर रविवारी तिथे टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल. कायमचे मेंबर तीन : दिघे पुण्याचा, मोघे सातारचा आणि मी नागपूरचा. तिघंही आयटीतले. त्या लांबट चेंडूला तिघांपैकी एकानेही कधी हात लावलेला नाही. त्यामुळे मतं एकदम पक्की!

* * *

एप्रिलमध्ये ड्राफ्ट. म्हणजे टीम्स आळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडतात, आणि मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात जास्त हरली तिचा पहिला नंबर. पहिल्या वर्षी दिघ्याने हे आम्हाला तासभर समजावून सांगितलं.

मोघे म्हणाला, "म्हणजे जो नापास, त्याला पहिला नंबर. आमच्या शाळेत ही सोय असती तर वडिलांनी मला एवढं बदडलं नसतं."

* * *

एका वर्षी मोघ्याची आई सहा महिन्यांसाठी आली होती. काकू लसूण घेऊन आमच्याबरोबर ड्राफ्ट बघायला बसल्या. टीव्हीवर एका आडदांड पोराचं नाव पुकारलं, आणि तो आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागला.

काकूंचा हात थांबला. "अगं बाई! नोकरी गेली का रे त्याची?"

"नाही काकू, लागली," मी म्हणालो.

"मग रडू दे," म्हणाल्या आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

* * *

दिघ्याचं खरं कर्तृत्व म्हणजे रिपोर्ट. ड्राफ्टच्या आधी तो महिनाभर अभ्यास करायचा आणि प्रत्येक पोराचा एक पानी रिपोर्ट ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणायचा. वर नाव आणि वय, मग प्लस, मग मायनस, आणि शेवटी ठळक अक्षरात निर्णय : घ्यावे, किंवा घेऊ नये. मधलं काही नाही. मधलं काही असतं हे दिघ्याला मान्यच नव्हतं.

पहिल्या वर्षी त्याने एकाबद्दल लिहिलं : "घ्यावे. दहा वर्षांची चिंता मिटेल." आमच्या टीमने, म्हणजे मिनेसोटाच्या, नेमका तोच पोरगा घेतला. दिघ्याने त्या आनंदात आम्हाला पेढे दिले. दुसऱ्याच मॅचला पोराचा गुडघा गेला.

दुसऱ्या एकाबद्दल होतं : "घेऊ नये. मोठ्या मॅचमध्ये हातपाय गाळेल." आमच्या टीमने घेतला नाही. शेजारच्या राज्यातल्या टीमने घेतला. त्याने आमच्याविरुद्ध एका दुपारी तीन टचडाऊन मारले. तिसऱ्याच्या वेळी शैलावहिनी, म्हणजे दिघ्याची बायको, पोह्यांच्या बशा घेऊन जिना उतरत होत्या. टीव्हीकडे बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "अहो, हाच का तो हातपाय गाळणारा?"

दिघे म्हणाला, "लिंबू आण."

* * *

दिघ्याला हे रिपोर्टचं वेड बाहेरही आवरायचं नाही. मराठी मंडळाच्या पिकनिकला व्हॉलीबॉलच्या टीम्स पाडायच्या होत्या. दिघे आणि मोघे कॅप्टन. दिघ्याने सगळ्यांच्या गुडघ्यांकडे बघत बघत माणसं उचलली. शेवटी शैलावहिनी उरल्या. पाळी दिघ्याची.

दिघे म्हणाला, "आम्ही एक कमी खेळतो."

वहिनी मोघ्याकडून खेळल्या. त्या कॉलेजात युनिव्हर्सिटीसाठी खेळलेल्या होत्या. हे मला माहीत होतं, मोघ्याला माहीत होतं. दिघ्यालाही माहीत होतं, पण त्याच्या मते "तो डेटा जुना" होता! मॅच दहा मिनिटांत संपली. पुढचा आठवडाभर दिघ्याच्या डब्यात मुगाची खिचडी होती.

* * *

ड्राफ्टपेक्षा जास्त भांडणं फ्री एजन्सीवर व्हायची. करार संपला की खेळाडू मोकळा. जुन्या टीमने ठेवावा, नाहीतर दुसऱ्या कुणी उचलावा. आमच्या टीममध्ये एक दहा वर्षं राबलेला लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत धक्के खाणारा गडी, होता. वय तेहेतीस. ठेवायचा की नाही?

"तिशी ओलांडली की नारळ द्यायचा," दिघे म्हणाला. "रोस्टरमध्ये भावनेला जागा नाही."

मोघे भडकला. "अरे, दहा वर्षं बोटं मोडून घेतली त्या माणसाने! माणूस आहे का मिक्सर, जुना झाला की फेकला?"

मोघ्याच्या हाताखाली ऑफिसात आठ माणसं होती आणि त्याने एकालाही कधी काढलं नव्हतं. दिघे त्याला त्यावरूनही बोलला, "तुझी टीम म्हणजे धर्मशाळा!" दोघं तीन रविवार एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच सोफ्यावर बसायचे आणि मला मध्ये घालून बोलायचे. "त्याला सांग, चटणी इकडे दे." लाइनमनला टीमने काढलं. मोघे मात्र त्याचीच जर्सी घालून येत राहिला, पुढची चार वर्षं.

* * *

२००८ चा सीझन. टीमने आणखी एका चौतीस वर्षांच्या माणसाला काढल्याची बातमी टीव्हीवर आली. मोघ्याने बशी खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि दिघ्याकडे वळला. आता होऊनच जाऊ दे म्हणून मीही सरसावून बसलो.

दिघे टीव्हीकडे बघत म्हणाला, "अनुभवी माणसाला असं काढू नये."

जिन्यात शैलावहिनी उभ्या होत्या, त्या तशाच मागे फिरल्या.

मोघ्याने विचारलं, "कधी?"

"शुक्रवारी," दिघे म्हणाला.

दिघ्याचं ग्रीन कार्ड सहा वर्षं अडकलेलं होतं. तो अजून नोकरीच्या व्हिसावरच. लवकर दुसरी नोकरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून पुणे. मुलगी अकरावीत; तिथे शाळा बारावीपर्यंत. तिने जेवणाच्या टेबलावर एकच वाक्य म्हटलं होतं, "बाबा, आय हॅव वन इयर लेफ्ट."

* * *

मोघ्याच्या ऑफिसातल्या टीममध्ये एक जागा होती. दिघे काही विचारेना. गेला महिनाभर त्याला कुठूनही फोन आला नव्हता, तरी विचारेना. सात वर्षं ज्याच्या मऊपणाची टिंगल केली, त्याच्याच दारात कसं जायचं? शेवटी मोघ्यानेच फोन केला, "उद्या दहाला ये. रेझ्युमे आण."

पुढचं मला मोघ्याने सांगितलं आणि दिघ्याने नाकारलं नाही.

दिघे टाय लावून आला. मोघे त्याला "या, बसा" म्हणाला. दिघ्याने रेझ्युमे दिला आणि त्याच्यावर आणखी एक कागद ठेवला. "उद्या कुणी म्हणायला नको, दोस्तीखातर घेतला. हा माझा रिपोर्ट. नेहमीसारखाच, प्रामाणिक."

मोघ्याने वाचला. नाव : दिघे. वय : सत्तेचाळीस. प्लस : पडेल ते काम करतो. मायनस : स्पीड कमी झाला आहे. नवीन गोष्टी शिकायला वेळ लागतो. बोलतो फार. निर्णय, ठळक अक्षरात : घेऊ नये.

मोघ्याने कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"दिघ्या, सात वर्षं तुझे रिपोर्ट वाचतोय. एक तरी बरोबर आलाय का? पासपोर्ट दे इकडे, व्हिसाचे पेपर आजच पाठवतो."